फडकं विकत आणायला कारंज्याला

आमच्याकडे स्वयंपाकघरातलं फडकं कोणी विकत आणत नाही. घरातलं धोतर, लुगडं विरलं की टर्रकन फाडायचं, झालं फडकं. माझा नवरा गेला तेव्हा त्याची दोन धोतरं मी पेटीत ठेवली. दिवाळीच्या साफसफाईला थोरल्या जाऊबाई आल्या आणि त्यांनी पेटी उघडली.

"धोतरं कायले जपून राह्यली वं? पदरानं तवा उतरवतं अन् घरात कापड पडून हाय."

पुढच्या रविवारी येऊन स्वतःच फाडून देते म्हणाल्या. बाई वाईट नाही. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात रोज डबा आणला तिने. म्हणून तिला नाही म्हणणं अवघड. साधे टॉवेल आणले असते तर महिनाभरात चिंध्या झाल्या म्हणून तिने पुन्हा पेटी उघडली असती. मला टिकणारं कापड हवं होतं.

कारंज्याच्या एका कापडवाल्याची मुलगी फ्रान्समध्ये दिलेली आहे. ती माहेरी आली होती आणि तिकडची मागावर विणलेली स्वयंपाकघरातली कापडं विकायला ठेवल्याचा फोटो मोबाइलवर फिरत होता. लिनन म्हणजे काय ते मी वाचलेलं होतं. ज्या जवसाची आपण चटणी खातो, त्याच झाडाच्या देठाचा धागा. फ्रान्सबद्दल मला एवढंच माहीत.

शनिवारी निघाले. आमच्या आसेगावहून शेलूबाजारपर्यंत जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर लवकर निघा. शेलूबाजारला एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. शेजारी भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन एक माळीणबाई बसली होती. कुठं चाललात, तिने विचारलं. फडके आणाले, मी म्हटलं. ती कारंज्यापर्यंत हसत होती. उतरताना म्हणाली, "बाई, मले सांगतं तं माह्या घरून देतो गाठोडं भरून."

स्टँडबाहेर आलुबोंडा चांगला मिळतो, तर्री वेगळी मागून घ्या. दुकान जैन मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत आहे. गल्ल्यावर म्हातारे शेठ होते. फ्रान्सचे फडके दाखवा म्हटलं तर त्यांनी कापडाच्या कातरणांचं बोचकं पुढे ढकललं. आतून मुलगी, नलिनी, धावत आली.

पांढरं, जाड कापड, दोन्ही बाजूंना लाल रेघ. हाताला खरखरीत. नलिनी म्हणाली, धुवून धुवून मऊ होतं. तिकडे पूर्वी लेकीच्या लग्नात अशी कापडं द्यायचे, कोपऱ्यात लाल दोऱ्याने तिच्या नावाचं अक्षर काढून. मी काठ बघितला. मागावरच बंद झालेला. फाडलेल्या फडक्याच्या दशा भाजीत पडतात, याच्या पडणार नाहीत.

शेठ म्हणाले, भांड्याला लावू नका, टेबलावर टाका, पाहुण्यांना दिसेल. माझ्याकडे टेबल नाही म्हटलं. एका फडक्याच्या भावात बरी साडी येते, हे आधीच सांगून ठेवते.

"माय, माझ्या जन्माले पुरन का हे?"

"मावशी, माझी सासू तिच्या आईचं वापरते अजून."

दोन घेतली. संध्याकाळच्या एसटीत बसायला जागा मिळाली नाही.

रविवारी जाऊबाई कात्री घेऊन आल्या. मी लाल रेघेच्या फडक्याने तवा उतरवला आणि त्याचाच हात भाकरीच्या टोपल्यावर फिरवला. त्यांनी कापड उलटसुलट करून ओढून पाहिलं. किंमत विचारली, ऐकून खाली बसल्या. रांडमुंड बाईला हे कसले शौक, असं काही पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "अन् त्या धोतराइचं काय?"

"मी मेल्यावर फाडजा. तवा मी अडवाले येत नाई."

त्यांनी भाकरी खाल्ली. दुसरी मागून घेतली. जाताना कात्री न्यायला विसरल्या नाहीत, पण पेटीकडे गेल्या नाहीत.

या सहलीतून काय उरलं, तर फडकी रोज वापरतेय, एकावर हळदीचा डाग पडलाय आणि तो जाणार नाही. जाऊबाई गेल्यावर मी पेटीतलं एक धोतर काढलं, विहिरीवर धुतलं आणि अंगणात वाळत घातलं. मागच्या दारी नाही, रस्त्याच्या बाजूला. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. अख्खं धोतर वाळायला वेळ लागतो.