फ्लेक्सची पांढरी बाजू

नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की मला निघोजमधलं सासुरवाडीचं अंगण आठवतं. सासरे ज्या तत्त्वचिंतकांना जन्मभर ऐकत आले, ते वारले होते. "माझा फोटो पुजू नका," असं ते आयुष्यभर सांगत राहिले. आणि मी हौशी जावई, श्रद्धांजलीसाठी त्यांचाच दहा फुटी फोटो छापून आणला, कोपऱ्यात हात जोडलेला मीसुद्धा! "जावईबापू, ह्ये काय वो?" सासरे म्हणाले. तेच विचार ऐकत आलेले त्यांचे सोबती दारात पोचलेले. आता माझ्यामुळे चारचौघांत सासऱ्यांची मान खाली जाणार होती. सासऱ्यांनी शांतपणे फ्लेक्स उलटा अंथरला. "बसा समदे. सतरंजी कमीच पडत व्हती." माझ्या जिवात जीव आला. आजही त्या पांढऱ्या बाजूवर आमचे पापड वाळतात. खाली फोटोतले ते तत्त्वचिंतक आणि मी, दोघंही निवांत.