आपलं माणूस हाय, बघ जरा

आमच्या ह्यांचं बोलणं म्हणजे काय, विचारलं तेवढंच. मी उलटी. छावणी भागात आमचं मोटार वायंडिंगचं दुकान हाय. हे खाली मान घालून पाण्याच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरत बसतात आणि गिऱ्हाइकांशी मी बोलते. कडुबा वायंडरची बायको रत्नमाला म्हणलं की मला सगळी छावणी ओळखते, ती आवाजावरून. नळाला आठवड्यानं पाणी येणारं हे गाव. कुणी बादलीभर पाणी सांडलं तरी मी गल्ली डोक्यावर घेते.

आमचा धंदा एकट्याचा नाय. मोटार जळाली की ती काढायला प्लंबर लागतो, भरून झाली की बसवायला परत प्लंबरच. ह्यांचा प्लंबर म्हणजे धोंडिबा, शाळेपासूनचा दोस्त. गिऱ्हाईक पाठवायची दोघांची एक रीत होती. नुसता नंबर द्यायचा नाय. गिऱ्हाइकासमोर फोन लावायचा आणि म्हणायचं, "आपलं माणूस हाय, बघ जरा." त्यात सगळं आलं. आजच जा, वाजवी घे, आणि काम बिघडवलंस तर नाक माझं कापलं जाईल. असा फोन आला की नाय म्हणायचं नसतं. दोघांनी कधी म्हणलंही नाय.

मागच्या उन्हाळ्यात ह्यांनी बिडकीनच्या एका शेडवाल्यासाठी असाच फोन लावला. धोंडिबा म्हणाला, "ऊन लई हाय रे. पण तुझं माणूस हाय म्हणल्यावर जातो." तिथंच पाइप जोडता जोडता त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

हे खांदा द्यायला गेले, परत आले, अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. डोळ्यांत टिपूस नाय. पुण्यानुमोदनाच्या वंदनेला सगळी वस्ती धोंडिबाच्या घरी जमली, हे दुकानातून उठले नायत. धोंडिबाची बायको करुणा दारात वाट बघत होती, मला लाज वाटली. घरी येऊन मी लई बोलले. माणसासारखं माणूस, एकदा जाऊन तिच्यासमोर बसता येत नाय का? हे एवढंच म्हणाले, "मीच पाठवलं होतं त्याला." तरी मी बोललेच. पण भिंतीशी बोलल्यागत झालं. हे जेवत होते, तार भरत होते, झोपत होते. ओरडले असते, भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुकानात रोज कुणी ना कुणी विचारायचं, "प्लंबर हाय का तुमच्या माहितीतला?" हे म्हणायचे, "नाय." गावात प्लंबर काय कमी पडलेत? धोंडिबासोबत काम करणारा अतुल होताच की. पण ह्यांच्या तोंडून दुसऱ्या कुणाचं नाव निघंना. गिऱ्हाइकं तुटायला लागली, आणि खरं सांगते, मला धंद्याचं काय वाटत नव्हतं. माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत लाकूड होत चालला होता, त्याची भीती वाटत होती.

एके दिवशी तनुजा मॅडम म्हणून एक शाळेतल्या बाई मोटार न्यायला आल्या. "बसवायला कोण येईल?" असं त्यांनी विचारलं. ह्यांचं लक्ष कामात. हाताला सवय, फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, "आपलं माणूस हाय, बघ जरा." नंबर धोंडिबाचा होता. बोलून झाल्यावर ह्यांच्या ध्यानात आलं. हातातली तार तशीच राहिली. पलीकडून करुणाचा आवाज आला, "पाठवते भाऊ." आणि फोन बंद. मॅडमचा पत्ता मागून मीच कळवला.

संध्याकाळच्या आत अतुल मॅडमकडं जाऊन मोटार बसवून आला. करुणानंच त्याला धाडलं होतं. मला वाटलं, आता तरी हे उठतील. कशाचं काय! परत खाली मान.

आठवडाभरानं ह्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर 'धोंडिबा'. हे नुसते बघत राहिले. "उचला की," मी खेकसले. ह्यांनी उचलला.

"भाऊ, जयभीम. एक मोटार जळालीय," करुणा म्हणाली. "आपलं माणूस हाय, बघा जरा."

"कुणाची हाय?"

"आमचीच."

नाय म्हणायचं नसतं. हे उठले, पिशवी घेतली. मी दुकानाचं शटर ओढलं आणि गाडीवर मागं बसले.

करुणा अंगणात हौदाजवळ उभी होती. ह्यांनी तिच्याकडं बघितलं नाय. खाली बसून वायरी तपासल्या, मोटारीला हात लावला, वास घेतला. मग बटण दाबलं. मोटार लागलीच सुरू झाली. चांगली गुणगुणत वरच्या टाकीत पाणी चढवायला लागली.

"वहिनी, ही जळालेली नाय," हे म्हणाले.

"मला माहीत हाय. पण त्याशिवाय तुम्ही आला असता का?"

हे उकिडवेच पक्कड पिशवीत भरायला लागले.

"त्या दिवशी मी म्हणलं होतं त्यांना, उद्या जा," करुणा म्हणाली. "नाय ऐकलं. म्हणाले, कडुबाचं माणूस हाय. हसत गेले भाऊ. तुम्ही पाठवलं की ते हसतच जायचे."

ह्यांनी हौदाच्या कठड्याला कपाळ टेकलं आणि रडायला लागले. आवाज करून, लहान लेकरागत. करुणाही पदर तोंडाला लावून खाली बसली.

वरची टाकी कधीच भरली होती. पाणी पत्र्यावरून अंगणात पडत होतं, आमच्या चपला भिजत होत्या. बटण माझ्या हाताशीच होतं. मी ते बंद केलं नाय.