हात नको

“हात नको. नुसती बाजूला उभी राहा.”

बाईंनी माझ्याशी बोललेली ही पहिली दोन वाक्यं. सिंगापूरमधल्या हौगांग भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये एक वयस्कर बाई कठड्याला धरून जिना चढताना दिसल्या, म्हणून मी आधार द्यायला गेले. त्यांनी माझा हात माशी उडवावी तसा झटकला. लिफ्ट समोरच होती आणि चालूही होती.

त्यांची नात वरून सिंगापुरी इंग्रजीत ओरडायची, “आज्जी, टेक द लिफ्ट लाह!”

“तुझी लिफ्ट पर्सेपोलिसला जाते का?” बाई खालून विचारायच्या.

बाईंनी अमरावतीच्या एका शाळेत जन्मभर इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर मुलाकडे सिंगापूरला आल्या. प्राचीन इराणच्या धड्यात पर्सेपोलिसच्या मोठ्या जिन्याचं एक पुसट चित्र होतं. एकदा एका मुलीनं विचारलं, “बाई, तुम्ही हे पाहिलंय?” बाई म्हणाल्या, “नाही. पण पाहणार.” अख्खा वर्ग हसला. ते हसू त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

आता गुडघे संपत आले होते. डॉक्टरांनी जिने वर्ज्य सांगितले. बाईंनी त्याचा अर्थ असा लावला की वेळ कमी आहे, सराव वाढवला पाहिजे.

मुलगा गरीब स्वभावाचा. तो म्हणाला, “आई, व्हिडिओ आहेत गं. घरबसल्या सगळं दिसतं.”

“न बघताच तर शिकवलं इतकी वर्षं. आता स्वतःच्या पायांनी चढणार. कुणाचा हात न धरता.”

इराणमधल्या अशांततेच्या बातम्यांमुळे जायचा बेत दोनदा रद्द झाला. एव्हाना मी रोज त्यांच्या बाजूनं जिना चढत होते; दोन्ही वेळा मला वाटलं, चला, सुटलो. बाईंनी बॅग दाराशी तशीच भरलेली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिन्यात हजर. असा हट्ट पाहिला की मला आधी राग येतो आणि मग मीच त्यात ओढली जाते. शेवटी जायचं ठरलं तेव्हा मुलाला रजा मिळेना. मी ‘मी जाते’ म्हणून बसले.

पर्सेपोलिसजवळच्या मर्वदश्त नावाच्या शहरात आम्ही एका घरी उतरलो. घरमालकीण प्रेमानं हात धरायला पुढे आली. “हात नको,” बाई चक्क मराठीत म्हणाल्या. त्या माउलीला ते बरोबर कळलं.

सकाळी पर्सेपोलिस. डोक्यावरचा स्कार्फ पदरासारखा सारखा करत बाई जिन्यासमोर उभ्या राहिल्या. पाऊल उचललं आणि थबकल्या. पायरी अगदी बुटकी, जेमतेम घोट्याएवढी.

“अगं, हे काय!” त्या चिडल्या. “यासाठी मी गुडघे झिजवले?”

आणि हसत सुटल्या. एकट्या, सावकाश, कठड्याशिवाय वरपर्यंत गेल्या. मी नुसती बाजूला चालत होते.

वर एका भिंतीवर राजाला नजराणा घेऊन आलेल्या देशोदेशींच्या लोकांची रांग कोरलेली आहे. त्यात आपल्याकडचे लोक बाईंनी लांबून ओळखले. “धोतर बघ! खांद्यावर कावड आहे!” मग त्या भिंतीच्या अगदी जवळ गेल्या. रांगेतल्या पुढच्या माणसाचा हात दरबारातल्या एका इराणी माणसानं धरला होता. हाताला धरून तो त्याला आत नेत होता.

“हे पुस्तकात नव्हतं,” बाई हळूच म्हणाल्या. “परक्या दारात आलेल्या माणसाचा हात धरलाय. आणि त्यानंही धरू दिलाय.”

परत निघालो तेव्हा जिन्याशी येऊन त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. उतरताना पायरी फारच सोपी होती. तरी त्यांनी खालपर्यंत हात सोडला नाही.

पुढच्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली आणि बाई अमरावतीला लेकीकडे जायला निघाल्या. चांगी विमानतळावर आम्ही सगळे सोडायला गेलो होतो. व्हीलचेअर घेऊन एक मलय तरुणी आली आणि तिनं हात पुढे केला. मुलगा घाईनं इंग्रजीत सांगू लागला, “शी डझन्ट लाइक...”

बाईंनी तिचा हात धरला होता. त्या खुर्चीत बसल्या, पाठ ताठ ठेवून, आणि त्या मुलीला मराठीत म्हणाल्या, “चल, ने मला आत.”

आम्हाला तिथून पुढे जायची परवानगी नव्हती.