खंडेनवमीचा रणगाडा

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि गिरणीत फिटर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. मला प्लास्टिकच्या रणगाड्यांची मॉडेलं जोडायचा छंद. मी एक नवा डबा उघडला. दर रविवारी आम्ही मुलुंडच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसायचो. ते बारीक कानशीने कडा घासायचे, मी चिकटवायचो.

दुसऱ्या महायुद्धातली, रणगाडे फोडणारी जर्मनांची तोफगाडी होती ती. मी समजावलं, "फ्रेंचांचा रणगाडा पकडला, बुरूज काढला, तिथे तोफ बसवली. तोफही चेक लोकांची, बळकावलेली."

"मग जर्मनांचं काय त्यात?"

"वर बसलेली माणसं."

बाबांनी कानस खाली ठेवली. "गिरणी बंद झाल्यावर माझं लेथ मशीन अंधेरीच्या एका शेडमध्ये दिसलं होतं मला," ते म्हणाले. "दुसराच कोणी चालवत होता. नुसता हात लावून आलो."

तोफगाडी पूर्ण झाली. तिचे तीन सैनिक तेवढे चिकटवायचे राहिले होते, नुसते आत बसवलेले.

खंडेनवमीला बाबांनी नेहमीसारखी कानस, नट आवळायचे पाने, मापाचं व्हर्नियर पाटावर मांडले. मधोमध ती तोफगाडी, तिला कुंकू, वर झेंडूचं फूल. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, नाझींच्या तोफेची पूजा करताय? काही वाटतं का?" बायकोसमोर मी गाडी उचलली आणि ओल्या फडक्याने कुंकू पुसून टाकलं.

"तसं नाय रे," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर रविवारी टेबलावर बसले नाहीत. हात दुखतो म्हणायचे. माघात गेले.

तेराव्यानंतर त्यांची हत्यारांची पेटी आवरताना चष्म्याचं जुनं घर सापडलं. आत कापसात गुंडाळलेले ते तीन सैनिक. पूजेआधीच बाबांनी त्यांना खाली उतरवलं होतं; मी गाडी उचलून पुसली तेव्हा आतून काहीच पडलं नव्हतं. पाटावर होती ती नुसती गाडी, कुठल्यातरी फिटरने घडवलेली. रिकामी आहे हे मी रागाच्या भरात पाहिलंही नव्हतं.

सैनिक अजून त्या चष्म्याच्या घरातच आहेत. गाडीला यंदा मीच कुंकू लावलं. पण "तसं नाय रे" म्हणाले तेव्हा "मग कसं, बाबा?" एवढं विचारायला माझ्या जिभेला काय झालं होतं?