थोरलीचं तेरावं

मशीन बंद करण्याआधी काका त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवायचे आणि विचारायचे, "काही राहिलंय का?" प्रवासाला निघताना घरातलं मोठं माणूस दारात थांबून विचारतं ना, तसं. आणि मग खरोखर उत्तराची वाट पाहायचे. त्यांच्या हाताखाली त्या मशीनचा रंगसुद्धा उडाला होता.

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत किंवा गल्लीत असेल. आपण त्याला हसतो, घरी जाऊन त्याची नक्कल करतो. मीही करायचे, आणि बरी करायचे.

देवासच्या बसस्टँडमागे काकांची दोन खोल्यांची कचेरी होती आणि मी त्यांच्या हाताखाली कामाला. खिडकीतून टेकडी दिसायची. दुकानांच्या, दवाखान्यांच्या नोंदी संगणकावर नीट ठेवून द्यायच्या, हे आमचं काम. काका त्यासाठी एकच डेटाबेस वापरायचे. तो कोणालाही फुकट वापरता यायचा, आतून कसा बनवलाय तेही उघडून पाहता यायचं. अडचण एवढीच की तो नेहमीच्या विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या वेगळ्या प्रणालीवर चालायचा, आणि माळव्यात तेव्हा लिनक्सचं नाव काढलं की लोक दारातूनच परत फिरायचे. मग कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी खपून तो विंडोजवर चालता केला आणि आमच्याकडे चौकशांची रीघ लागली. धारहून, मनावरहून, पार नेमावरहून फोन यायचे.

"भिया, वो फ्रीवाला अब विंडोज पे भी चलता है क्या?"

"चलता क्या, दौड़ता है भिया!" काका खूश.

काकांचे पूर्वज संस्थानात कारकून होते. एकाच देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या शेजारी शेजारी नांदल्या, याचा त्यांना भारी अभिमान. त्यामुळे टेबलावरचं जुनं लिनक्सचं मशीन ते थोरली, आणि नवं विंडोजचं ते धाकटी. थोरलीतलं सगळं धाकटीत उतरलं, पडताळून झालं, तरी थोरली बंद करायची नाही. तेरा दिवस तशीच चालू ठेवायची.

"काका, सुतकही पाळायचं का?" मी विचारायचे.

"पाळ ना. निदान तेवढे दिवस टेबलावर कचोरी खाणार नाहीस."

त्या डेटाबेसची एक सवय काकांना फार आवडायची. बंद हो म्हटलं, की तो आधी कोणी जोडलेलं आहे का ते पाहायचा. असेल, तर नव्याला आत घ्यायचा नाही, पण आतल्याचं काम उरकेपर्यंत थांबून राहायचा. "घरंदाज आहे," काका म्हणायचे. "बसलेल्या पाहुण्याला उठवत नाही."

धारला एका बियाणांच्या दुकानाचं काम आम्ही केलं होतं. दुकान दोघा भावांचं. थोरला भाऊ नुकताच वारला होता, जुन्या मशीनवर तोच बसायचा. काम झाल्यावर धाकट्यानं चारच दिवसांत जुन्या मशीनचा प्लग काढून टाकला, आणि आठवड्यानं त्याचा फोन आला. आवाज बसलेला.

"भिया, सुबह दुकान खोलता हूँ तो नई मशीन पे भाईसाब बैठे मिलते हैं। मतलब उनका नाम। मैंने तो कुछ छुआ भी नहीं।"

"पुरानी वाली वापस लगा दो," काका म्हणाले. "कुछ बाकी होगा उनका।"

त्यानं जुनं मशीन पुन्हा लावलं. तेरावा दिवस उलटला आणि भावाचं नाव दिसायचं थांबलं. जुन्या मशीनवरची नावं नव्यात उतरताना असं घडू शकतं, हे मी काकांना कागदावर काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "असेल." त्यांच्या त्या 'असेल'चा मला फार राग यायचा. त्या दिवसापासून कचेरी उघडताना मी आधी दिवा लावायला लागले, हेही खरं.

मग मनावरचं काम आलं. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे रक्ताच्या आजाराची मुलं यायची. कोणाला कधी रक्त दिलं, कोणाला काय सोसत नाही, हे सगळं एका जुन्या मशीनमध्ये, आणि ते मशीन शेवटच्या घटका मोजत होतं. काकांनी ते बसच्या सीटवर शेजारी बसवून देवासला आणलं आणि त्यातलं सगळं आधी आमच्या थोरलीत काढून ठेवलं.

"हे तू करायचं," ते म्हणाले.

"तुम्ही आहात ना."

"मी आहे तोवर तुला येणार नाही. तुला येईल तेव्हा मी सुटलो."

मी हसण्यावारी नेलं. पाच वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी बाकी सगळं करत होते, पण थोरलीतून धाकटीत उतरवण्याला कधी हात लावला नव्हता. चुकलं तर? आणि इथे तर लेकरांच्या जिवाशी गाठ होती.

त्याच आठवड्यात काका गेले. दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मनावरच्या नोंदी पोटात घेऊन थोरली टेबलावर घुमत होती, धाकटी कोरी होती.

दहाव्याला शिप्रेच्या घाटावर मीही गेले होते. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. घरचे डोळे पुसत म्हणाले, कसली म्हणून इच्छा मागे ठेवली नाही. मला टेबलावरची थोरली आठवली.

डॉक्टरीणबाईंचा रोज फोन. "बेटा, हो जाएगा ना? बच्चे आ रहे हैं, मैं अंदाज़े से तो ख़ून नहीं चढ़ा सकती।" मी हो म्हणायचे, आणि फोन ठेवून दुसरंच काम काढून बसायचे. शेवटी बसले. काका कसे करायचे ते आठवत आठवत, दोनदा सगळं पुसून, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला उतरलं. एकेका मुलाचं नाव जुळवून पाहिलं. सगळी होती. धाकटी मनावरला रवाना केली. बाईंनी कळवलं, पहिल्या मुलीला बिनधोक रक्त चढलं.

नोंदी उतरवल्याच्या तेराव्या दिवशी, भरदुपारी मी थोरली बंद करायला बसले. बंद हो म्हटलं. ती थांबून राहिली. पाहिलं तर एक जण जोडलेला होता.

माझीच एखादी खिडकी उघडी असेल म्हणून शोधलं. नव्हती. नेटवर्कची तार केव्हाच काढलेली, टेबलावर वेटोळं होऊन पडलेली. बाहेर इंदूरच्या बसचा कंडक्टर ओरडत होता, आणि खोलीत थोरलीतल्या पंख्याची घरघर. कोणी आपल्या मागे उभं असलं की मानेला कळतं ना, तसं मला कळत होतं. मी वळले नाही.

जबरदस्तीनं बंद करायची आज्ञा मला ठाऊक होती. बोटं पुढे जाईनात. घाटावर लोक कावळ्याला विनवतात तशी मी विनवायला लागले. माझं मलाच हसू येत होतं.

"काकूंकडे मी जात राहीन."

काही नाही.

"मनावरचं झालं, काका. पोरं बरी आहेत."

काही नाही. पंखा तसाच.

तेव्हा मी उठले आणि मशीनच्या डोक्यावर, जिथला रंग उडाला होता तिथे, डावा हात ठेवला. "काही राहिलंय का?" असं विचारणार होते. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"काका, मला येतं आता."

क्षणभर काही झालं नाही. मग पडद्यावर एक ओळ आली, की डेटाबेस बंद झाला आहे. मागोमाग मशीनही बंद झालं, पंख्याची घरघर उतरत उतरत थांबली. हाताखालचा पत्रा गार पडत गेला, तरी मी हात काढला नाही.

ते गेल्यापासून त्या खोलीत मी पहिल्यांदाच एकटी होते. आणि तेव्हा मला रडू आलं.