लीयानं दिलेलं उत्तर

एफ्राइम पनवेलच्या कचेरीत कारकून. मान खाली घालून चालणारा, प्रार्थना न चुकवणारा. पण मुंबईला बाजारातल्या बायांकडे जायचा. आधी कधीमधी, हल्ली कचेरी बुडवून. एलियाहू हन्नाबी या ज्यूंच्या प्रेषिताला मलिद्याचा, गोड पोह्यांच्या प्रसादाचा, नवस बोलून दोनदा शपथ घेतली, दोनदा मोडली. शेवटी बायकोला, लीयाला, म्हणाला, "मला आवरत नाही. कुणाला तरी दाखव."

लीयाचा राग कधीच थकून गेला होता. हे ऐकून मात्र तिला आशा वाटली. ठाण्यात समाजाची वस्ती मोठी, तिथल्या डॉक्टरकडे ओळखीचं कुणी भेटेल, म्हणून ती त्याला थेट मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

मनोविकारांचे डॉक्टर शांत होते. त्यांनी त्रास कधीपासून, मनाविरुद्ध काही घडतं का, असं विचारायला सुरुवात केली. एफ्राइमनं घसा साफ केला, तेवढ्यात नर्स आत आली. मिल्का. तमारचं, त्यांच्या मुलीचं, ज्याच्याशी लग्न जमत होतं त्या सॅमची सख्खी मावशी. समाजातले निम्मे लोक इस्रायलला निघून गेलेले. दुसरं स्थळ कुठून आणणार?

"अगोबाई, लीया! भावजींना काय झालं?" म्हणत मिल्का डॉक्टरांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

एफ्राइमनं मान खाली घातली. डॉक्टर लीयाकडे वळले. मिल्काला बाहेर पाठवा म्हणावं, तर तेवढ्यानंच तिला कळलं असतं.

"झोप लागत नाही यांना," लीया म्हणाली.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, बाहेर जाणं, बाईचा नाद, असं काही?

"नाही. घर सोडून कुठे जात नाहीत."

"फार सज्जन माणूस, डॉक्टर," मिल्कानं भर घातली. डॉक्टरांनी झोपेचं औषध लिहून दिलं.

परतताना एसटीत एफ्राइम म्हणाला,

"तू खरं सांगितलं असतंस, तर मी हो म्हणालो असतो."

"तमारचं होऊ द्या. मग परत जाऊ."

"परत माझ्यानं तोंड उघडणार नाही."

हिवाळ्यात तमारचं लग्न झालं. पुढच्याच आठवड्यात लीयानं इस्पितळात जायचा विषय काढला, त्याचे धुतलेले कपडे काढून ठेवले. त्यानं ते घातले आणि एकटाच जातो म्हणाला. तिनं अडवलं नाही.

संध्याकाळी तो परत आला. धुतलेल्या सदऱ्याला परक्या अत्तराचा वास येत होता. डॉक्टर काय म्हणाले, हे तिनं विचारलं नाही.