मामीची चौथी हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही... 'नव्हता' असं लिहावं का, ते अजून ठरत नाहीये. मी चंद्रपूरला राहतो आणि इंटरनेटवर हेडफोन, स्पीकर, इयरबड्स यांचे रिव्ह्यू करतो. आवाज म्हणजे हवेची थरथर, बॅटरी संपली की यंत्र मुकं — माझ्या डोक्यात इतकं सरळ होतं सगळं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका कंपनीचे इयरबड्स रिव्ह्यूसाठी आले. गाणं चालू असतानाही आजूबाजूचं ऐकू यावं, अशी त्यात सोय होती. गच्चीवर तपासताना मला एक खोट सापडली. बड कानातून काढून परत घातला की ती सोय गुपचूप बंद व्हायची आणि बाहेरचा आवाज पार अडवला जायचा. हे मी रेकॉर्डही केलं होतं, चाळीस सेकंद. मग कापून टाकलं. व्हिडिओ लांबतोय, अशी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. खोट दाखवणाऱ्याला कंपन्या पुढचा माल पाठवत नाहीत.

व्हिडिओ पाहून पहिला फोन आला शिवराममामांचा. सिंदेवाहीपासून आत, जंगलाला लागून त्यांचं गाव, धानाची शेती. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे. नाट्यगीतं म्हणजे जीव की प्राण!

"बाबू, मोहफुलं वेचताना चालन का रे हे? तुई मामी म्हंते, जंगलात कान उघडे पायजे."

"बिनधास्त घाला मामा. बाहेरचं सगळं ऐकू येतं."

हे मीच म्हणालो. शिवाय तपासलेले तेच बड्स त्यांना पाठवूनही दिले.

मोह वेचायची आमच्याकडे एक रीत आहे. जो तो आपापल्या झाडाखाली वाकलेला असतो, कोणाला कोण धड दिसत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकाने 'हूऽऽ' अशी हाक द्यायची आणि दुसऱ्याने 'हू' म्हणायचं. उत्तर आलं नाही तर टोपल्या टाकून सगळ्यांनी धावायचं.

मार्च संपता संपता, ऊन चांगलं वर आलेलं असताना, वाघाने मामांना नेलं. मामी शेजारच्या झाडाखाली होती. गवत हललेलं तिने पाहिलं होतं. वनखात्याच्या माणसांना, नातेवाइकांना, मला, सगळ्यांना ती एकच सांगत होती, "तीनदा हाक देल्ली. एकदाबी हू नाई म्हनलं." मामा सापडले तेव्हा एका कानात बड तसाच होता. घाम पुसायला काढून परत घातला असेल... मला दुसरं काही सुचत नाही.

तेराव्याच्या दुपारी मामीने पदराच्या गाठीतून तो बड काढून माझ्या हातावर ठेवला. "तुया हाये, घेऊन जा." जोडीचा दुसरा आणि चार्जिंगची डबी जंगलातच हरवली होती. म्हणजे बड कधीचा मेलेला, माझ्या मोबाईलला जोडलेलाही नाही. मी मागच्या खोलीत गेलो आणि निव्वळ सवयीने तो कानात घातला.

बाहेर पंगत बसली होती. तो गलका दोन्ही कानांतून एकदम नाहीसा झाला. बड तर एकाच कानात होता! मग वाळक्या पानांची सळसळ. मग मामीचा आवाज — "हूऽऽ." उत्तर यायला जितका वेळ लागतो तितका वेळ शांतता. परत, "हूऽऽ." तिसऱ्यांदा आवाज फाटला. आणि मग... "शिवराऽऽम!"

मी बड ओढून काढला. गलका परत आला. दाराच्या फटीतून मामी दिसत होती, चुलीपुढे, तोंड मिटून बसलेली.

पस्तीस वर्षांच्या संसारात मामीने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही शेजारणीला सांगायला लावायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "मामी, चौथ्यांदा तुम्ही नावाने हाक मारली होती का?"

"तुले कोनं सांग्तलं? तिथी कोनीच नोतं बाबू." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "वाटलं, नाव घेतल्यावर तरी वळून पायतीन. नाव घेतलं आन् तो झेपावला. मीच खाल्लं रे त्यायले..."

मला गप्प बसता आलं असतं. पण माझं पाप ती स्वतःच्या माथ्यावर घेऊन बसली होती. मी तिला चाळीस सेकंदांचं सगळं सांगितलं. तुमच्या हाका त्यांच्यापर्यंत पोचल्याच नाहीत, आणि हे बड्स असं करतात ते मला आधीच माहीत होतं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मी चारदा हाक देल्ली, बाबू," ती म्हणाली. "तू एकदा सांगाचं होतं."

चंद्रपुरात दुरुस्तीवाल्याकडून तो बड उघडून घेतला. आवाज साठवून ठेवील असं आत काहीच नव्हतं. नंतर कितीदा तरी कानात घालून पाहिला, पुन्हा काही ऐकू आलं नाही. तुमच्यापैकी कोणाला उलगडा होत असेल तर जरूर सांगा, मला झालेला नाही.

आता माझा प्रत्येक व्हिडिओ त्या वस्तूला काय जमत नाही, इथून सुरू होतो. लोक कंटाळतात, व्हिडिओ पुढे सरकवतात. तरी मी सांगतो, आणि सांगून झाल्यावर क्षणभर थांबतो... कोणी 'हू' म्हणतंय का, म्हणून.